पाना-पक्कड : इंजिन घासायचं, पण किती?

या महिन्यात चेन-स्प्रॉकेटवर लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. कारण एकच प्रश्न गेल्या काही आठवड्यांत वेगवेगळ्या तोंडून आला. कुणाला आजोबांची येझदी मिळाली आहे, कुणी मामाची बुलेट गोव्याहून पुण्याला नेतो आहे, कुणी राजदूत उभी करून ठेवली आहे. प्रश्न मात्र तोच: "काका, इंजिन बफिंग करून घेऊ का? आरशासारखं होतं म्हणे."

होतं. त्यात शंका नाही. पण ते आरशासारखं किती दिवस राहील आणि त्यापायी काय जाईल, याचा हिशेब आधी करू. मी मोरजीत राहतो. आमच्या पडवीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. त्यामुळे माझं उत्तर खाऱ्या वाऱ्यातलं आहे. तुमची गाडी नाशकात किंवा इंदुरात असेल तर त्यातला थोडा भाग सोडून द्या.

आधी धातूबद्दल. आपल्या आज्या ज्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणायच्या, तेच हे ॲल्युमिनियम, इंजिनात सिलिकॉन वगैरे मिसळून ओतलेलं. लोखंड गंजतं तेव्हा गंज सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा एक थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. हा थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. तुम्ही पॉलिश करता तेव्हा तो थर जातो, आणि तुम्ही फडकं खाली ठेवेपर्यंत नवा बसायला सुरुवात झालेली असते. म्हणजे नुसती हवा ॲल्युमिनियमला खात नाही. आपला शत्रू मीठ आहे. मिठातला क्लोराइड त्या थराला बारीक बारीक भोकं पाडतो, आणि मग भिंतीला लोणा लागावा तशी पांढरी भुकटी वर येते. ती भुकटी पुसली की खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात.

हे सगळ्यात आधी कुठे होतं ते पाहा: स्क्रूच्या डोक्याभोवती. लोखंडी किंवा स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमचं कवच आणि मध्ये खारट ओल, एवढं जमलं की छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून जुन्या गाडीचे साइड कव्हरचे स्क्रू निघता निघत नाहीत. हल्ली लोक हौसेने स्टेनलेसचे चकचकीत ॲलन बोल्ट बसवतात. दिसायला छान, पण किनाऱ्यावर ॲल्युमिनियमला ते साध्या स्क्रूपेक्षा जास्त जाचतात. बसवायचेच असतील तर आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका.

आता बुलेट घेऊ, कारण आमच्या भागात तीच जास्त. ओतीव लोखंडी बॅरलच्या जुन्या 350 मध्ये कारखान्यानेच इंजिनाचे दोन वर्ग केले होते. वाळूच्या साच्यात ओतलेली क्रँककेस खडबडीत ठेवलेली. त्याउलट बाहेरची कवचं, म्हणजे उजवीकडचं टायमिंग कव्हर, गिअरबॉक्सचं कव्हर आणि डावीकडचं चेनकेसचं मोठं कव्हर, ही घासून चकचकीत केलेली. बॅरल लोखंडी, काळा रंग दिलेला. हेड ॲल्युमिनियमचं, पण त्याच्या पाकळ्या कच्च्या. म्हणजे 'ओरिजिनल' इंजिन कधीच सगळं आरशासारखं नव्हतं. खडबडीत आणि गुळगुळीत यांची ती जोडी होती, आणि मला विचाराल तर त्या जोडीतच ते इंजिन देखणं दिसतं. बफिंगवाल्याकडे अख्खं इंजिन सुटं करून दिलं की तो बिचारा सगळंच चमकवतो. पैसे चमकण्याचे घेतलेले असतात ना.

पाकळ्यांबद्दल एक प्रश्न हमखास येतो: चमकवल्या तर इंजिन गरम होतं का? चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता किरणांच्या रूपाने फार कमी फेकतं. काळ्या रंगाचा पृष्ठभाग टाकतो त्याच्या जेमतेम 5-6 टक्के. ऐकायला भयंकर वाटतं. पण चालत्या गाडीत बहुतेक उष्णता वारा घेऊन जातो, किरणं नाहीत. म्हणून चोपड्याहून शिवोलीपर्यंत जाताना काही फरक जाणवणार नाही. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी अडकलात तर थोडा. तरीही पाकळ्यांना हात लावू नका, कारण तिथे कागद आत जात नाही, पॉलिश मात्र जातं आणि पाकळ्यांच्या मुळाशी सुकून पांढरं बसतं.

बफिंगचं चाक काय करतं तेही पाहा. ते कडा गोल करतं. कव्हरवर ओतलेली अक्षरं बुजवतं. कव्हर जिथे गॅस्केटवर बसतं ती सपाट कड जरा जरी चाकाला लागली तर पुढची दहा वर्षं तिथून तेल गळतं, आणि बुलेटला तेल गळायला आणखी निमित्त नको आहे. खोल खड्डे चाकाने जात नाहीत. उलट प्रत्येक खड्ड्यामागे धूमकेतूसारखी शेपूट ओढली जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रँककेसवर बॅरलखाली ठोकलेला इंजिन नंबर. तो पुसट झाला तर पुढचं सगळं अवघड. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्या वेळी तपासणीत इंजिन आणि चेसिसचे नंबर कागदांशी ताडून पाहतात, चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. घासलेला नंबर पाहिला की अधिकारी चोरीच्या गाडीचा विचार करणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही.

एक जुना, स्वस्त उपायही आहे: 'सिल्व्हर मारणे'. डबा, ब्रश, अर्ध्या तासात इंजिन रुपेरी. त्याबद्दल एवढंच सांगतो की गाडी विकत घ्यायला गेलात आणि इंजिनाला ताजा सिल्व्हर दिसला, तर त्याखाली तडा आहे की गळती, हे आधी बघा.

आता आमच्या घरातला मामला. सांगतो, कारण त्यातून मला एक गोष्ट कळली जी चाळीस वर्षं पाने फिरवून लक्षात आली नव्हती.

माझ्या थोरल्या भावाची 1984 ची बुलेट आमच्या पडवीत आहे. दादा म्हापशाला नोकरीला होता. चोपडे-शिवोली पूल झालेला नव्हता तेव्हा रोज फेरीबोट. भरतीच्या वेळी फेरीच्या उतारावर पाणी चढलेलं असायचं आणि गाडी त्यातूनच खाली उतरायची. चेनकेसच्या खालच्या अंगाला जे खड्डे आहेत ते त्या पाण्याचे. वर, जिथे पाणी पोचलं नाही, तिथे धातू नुसता राखाडी झालाय. कुठपर्यंत चापोरा नदी लागत होती ते अजून बोट ठेवून दाखवता येतं.

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा मुलगा पुण्यात आहे, मार्गशीर्षात त्याचं लग्न. मोरजाईच्या देवळात नारळ ठेवायला नवरा-नवरी बुलेटवरून जाणार, असं त्या दोघांनीच ठरवलं. इथपर्यंत सगळे खूश. मग तो म्हणाला, "काका, त्याआधी इंजिन पुण्याला पाठवून फुल बफिंग करतो. बाबांची गाडी आहे, नवी दिसायला हवी."

वहिनी नको म्हणाल्या. कारण विचारलं तर आधी सांगेनात. मग मला पडवीत घेऊन गेल्या आणि गिअरबॉक्सच्या कव्हरवर बोट ठेवलं. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला. दादा आयुष्यभर चामड्याच्या चपला घालून गाडी चालवायचा. गिअर टाकताना टाच जिथे घासायची तिथे रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी जागा चकचकीत झाली आहे, भोवतालचं सगळं कव्हर राखाडी. पंचवीस वर्षांचं पॉलिश, कुठलंही औषध न लावता केलेलं.

मी म्हटलं, "वहिनी, तेवढी जागा सोडून बाकीचं घासू."

त्या म्हणाल्या, "भावोजी, बाजूचं सगळं चकचकीत केलंत तर ही जागा दिसणार कशी?"

बरोबर आहे. ती खूण चमकते म्हणून दिसत नाही, भोवतालचं मळकं आहे म्हणून दिसते. तिला हात न लावताही ती पुसता येते. मी याआधी अनेकांना 'खूण तेवढी सोडून बाकी घासा' असा सल्ला दिलेला आहे. अक्षरांच्या, नंबरच्या बाबतीत तो चालतो. झिजेच्या खुणेला चालत नाही. तिथे आख्खा भाग तसाच ठेवावा लागतो.

पुतण्याला हे पटायला दोन दिवस लागले, आणि त्याची बाजूही मी समजू शकतो. मळकी गाडी म्हणजे दुर्लक्ष केलेली गाडी, असं लोक म्हणतात. बाप गेल्यावर त्याची गाडी तशी उभी राहिलेली दिसणं मुलाला खुपतं. नोव्हेंबरमध्ये वागातोरला रॉयल एन्फिल्डचा मेळा असतो, तेव्हा आमच्या रस्त्यांवरून देशभरातल्या लखलखीत गाड्या जातात. त्यांच्या शेजारी आपली उभी करायची तर कमीपणा वाटणार. तो मला म्हणाला, "काका, आई त्या डागात बाबांना बघते. मला बाबा बघायचे तर ती गाडी पळताना बघायची आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे फक्त पाना होता.

जुन्या वाहनांच्या जगात हा वाद जुनाच आहे. ऐतिहासिक वाहनांची 'फिवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने 2012 मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा रोख असा, की आहे ते जपणं आधी, नवं करणं नंतर, आणि वाहनाच्या आयुष्याच्या खुणा हा त्याच्या इतिहासाचा भाग. पण सनद वाहन चालवायलाही सांगते, नुसतं कपाटात ठेवायला नाही. आपल्याकडे हे सांगायला सनद लागत नाही. चतुर्थीच्या आधी चिंच नाहीतर आमसुलाने समया घासल्या जातात तेव्हा घरातली म्हातारी सांगतेच, "मोराच्या चोचीवर जोर लावू नकोस गो, झिजेल." शंभर वर्षं घासलेल्या समईवरच्या मोराला डोळे राहत नाहीत.

जाता जाता: चिंच, लिंबू, आमसूल पितळ-तांब्यासाठी. इंजिनाला नको. आंबटाने ऑक्साइड निघतो हे खरं, पण ओतीव ॲल्युमिनियम त्याने मंद, करडं पडू शकतं, आणि सांध्यात राहिलेलं आम्ल आतून काम करत राहतं. मोरी साफ करायची कॉस्टिकची पावडर तर लांबच ठेवा. ती ॲल्युमिनियम अक्षरशः खाते आणि हायड्रोजन सोडते.

शेवटी असं ठरलं. डावीकडचं चेनकेस कव्हर आणि उजवीकडचं टायमिंग कव्हर, दोन्ही कारखान्यानेच चमकवलेली, ती हाताने घासायची. गिअरबॉक्सचं कव्हर फक्त धुवायचं. क्रँककेस ब्रशने साफ, बस्स. पुण्याला काहीही जाणार नाही.

पद्धत सांगतो, कारण विचारणाऱ्यांना हीच हवी आहे.

पहिल्यांदा बघा की कव्हरवर लॅकर आहे का. कापसाच्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन चोळा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर पारदर्शक लॅकरचा थर आहे, आणि तो पेंट रिमूव्हरने काढल्याशिवाय तुम्ही जन्मभर घासलंत तरी काही होणार नाही. जुनं लॅकर पिवळं पडतं, आणि त्याखाली वाळवीच्या वाटेसारख्या वळवळणाऱ्या रेघा दिसतात. एका ओरखड्यातून खारी ओल आत शिरते आणि थराखालून चरत पुढे जाते. म्हणूनच किनाऱ्यावर नवं लॅकर मारू नका असं मी म्हणतो. कोरड्या गावात मारा, तिथे ते बरीच वर्षं टिकतं आणि घासण्याचे कष्ट वाचतात.

कव्हर काढूनच घासा. बुलेटचं चेनकेस कव्हर एकाच मोठ्या नटावर असतं. आधी आतलं तेल काढायचं, डावं फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल सोडवायचं. परत बसवताना तो नट जीव खाऊन आवळू नका. कव्हर वाकतं आणि रबरी सीलमधून तेल येतं, मग लोक पुन्हा आवळतात, मग आणखी येतं.

रॉकेलने तेलकटपणा काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. मिठाचे कण राहिले असताना घासलंत तर मीठच धातूत रगडाल. गॅस्केटच्या कडेला आणि भोकांना चिकटपट्टी लावा. मग पाण्यातला पॉलिश पेपर, 600 पासून सुरू. साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवून. 600 एका दिशेने, 800 त्याला आडवा, मग 1000, मग 1500. दिशा बदलण्याचं कारण साधं आहे: आधीच्या कागदाचे ओरखडे शिल्लक आहेत का ते लगेच दिसतं. घाई करून 600 वरून थेट पॉलिशवर गेलात तर ओरखडेच चमकतील. भांडी घासायचा हिरवा चोथा वापरू नका, त्याचे ओरखडे काढायलाच अर्धा दिवस जाईल. तारेचा चोथाही नको. लोखंडाचे बारीक तुकडे धातूत रुततात आणि पावसात तांबूस ठिपके उमटतात. खड्डे जेवढे जातील तेवढे जाऊ द्या. तळ गाठायला जाऊ नका, कव्हरची जाडी काही मिलिमीटरचीच असते.

शेवटी मेटल पॉलिशची पेस्ट आणि जुनं, खूप धुतलेलं सुती कापड. आमच्याकडे दादाचंच एक धोतर निघालं. वहिनींनी स्वतः फाडून दिलं, तेव्हा मला कळलं की तह झाला.

ज्यांना मशीनच वापरायचं आहे त्यांनी तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावा आणि ज्या चाकावर लोखंड घासलं जातं त्यावर ॲल्युमिनियम घासू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाची ठिणगी एकत्र आली की आग लागते. आणि ते काळं पाणी, रॉकेल वगैरे उघड्यावर ओतू नका. आमच्या टेंबाच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात, तुमच्याकडेही कुणीतरी येत असेलच.

दोन रविवार लागले. पुतण्याची बोटं काळी झाली, होणाऱ्या सुनेची त्याहून काळी, कारण 1500 चा कागद तिनेच धरला होता आणि तिच्या हाताला तो जास्त बरा बसला. चेनकेस आता असं आहे की वरच्या भागात पडवीची कौलं दिसतात आणि खालच्या भागात फेरीच्या पाण्याचे खड्डे. उजव्या बाजूला टायमिंग कव्हर चकचकीत आणि त्यामागे गिअरबॉक्स राखाडी. विजोड दिसतं का? थोडं दिसतं. फोटोग्राफरला डावीकडे उभं राहायला सांगितलं आहे.

राहिली निगा. पॉलिश झाल्यावर साध्या कारच्या मेणाचा पातळ हात द्या, तो इंजिनाच्या उष्णतेने लवकर उडतो म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. किनाऱ्यावर गाडी चालवून आलात तर इंजिन निवल्यावर गोड्या पाण्याने धुवा, तापलेल्यावर पाणी ओतू नका. लोकांना वाटतं पावसाळा वाईट. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो मीठ धुऊन तरी नेतो. खरं नुकसान दिवाळीनंतर होतं, दिवसा खारा वारा आणि पहाटे दव. तेव्हा गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालणं म्हणजे तिला मिठात घालून लोणचं करणं. जुनी सुती चादर घाला, हवा खेळू द्या.

धुताना गिअरबॉक्सच्या त्या कव्हरला कुठला साबण लावायचा, हा प्रश्न वहिनींनी परवा विचारला. मी म्हटलं, साधं पाणी पुरे. पुढच्या महिन्यात मात्र नक्की चेन-स्प्रॉकेट. तोपर्यंत आपापल्या चेनला किती ढील आहे ते मोजून ठेवा, गाडी मधल्या स्टँडवर, चाक फिरवत, चार ठिकाणी.